वारुळातली ऊब

मे महिना सरत आलेला असतो. पनवेलची हवा अंगाला चिकटत असते, कर्नाळ्याच्या सुळक्यामागे ढग जमू लागलेले असतात आणि एखाद्या संध्याकाळी स्वयंपाकघराच्या भिंतीवरून मुंग्यांची रांग वर चढताना दिसते. प्रत्येकीच्या तोंडात एक पांढरा दाणा. घरातली आजी लगेच म्हणते, "मुंग्या अंडी घेऊन निघाल्या गं, पाऊस जवळ आला."

आजीचं निरीक्षण चांगलं आहे, फक्त त्यात एक दुरुस्ती हवी. मुंगीचं अंडं इतकं बारीक असतं की रांगेत चालणाऱ्या मुंगीच्या तोंडात ते सहसा आपल्या नजरेला पडत नाही. आपल्याला दिसतात त्या बहुतेक वेळा अळ्या आणि कोष असतात. अळ्यांना पाय नसतात आणि कोष जागचे हलत नाहीत, त्यामुळे या पिलांना ऊन टोचलं किंवा ओल लागली तरी स्वतःहून सरकता येत नाही. म्हणून दाया मुंग्या त्यांना उचलून योग्य जागी नेऊन ठेवतात. जमिनीखाली हे काम रोज चालतं. पावसाळ्याच्या तोंडावर ते आपल्या भिंतीवर उघडं पडतं, एवढंच.

या प्रकरणाचा सगळा विषय त्या रांगेत आहे. मुंग्या पाळायला घेणारा प्रत्येक जण सुरुवातीलाच विचारतो, "वारुळाचं तापमान किती ठेवू?" त्याला एक आकडा हवा असतो. मुंग्या मात्र एका आकड्यावर जगत नाहीत. त्या ऊब शोधत फिरतात आणि पिलांना सोबत घेऊन फिरतात. म्हणून पाळणाऱ्याने त्यांना उबेपासून गारव्यापर्यंतचा उतार द्यावा आणि निवड त्यांच्यावर सोडावी.

मुंगीच्या अंगात चूल नसते

आपल्या शरीरात अन्न जळतं आणि त्यातून शरीर ३७ अंशांच्या आसपास उबदार राहतं. मुंगीचं तसं नाही. तिचं शरीर इतकं लहान असतं की भोवतालची हवा आणि जमीन जितकी तापलेली, तितकीच तीही काही क्षणांत तापते. तापमान वाढलं की तिच्या शरीरातल्या सगळ्या क्रिया वेग घेतात. कीटकांच्या बाबतीत ढोबळ नियम असा, की दहा अंशांची वाढ झाली तर हा वेग साधारण दुप्पट होतो. अळी लवकर वाढते, राणी जास्त अंडी घालते, कामकरी मुंग्या भराभर चालतात. सोबत भूकही वाढते आणि आयुष्य भरभर खर्ची पडतं.

हा व्यवहार मुंग्यांना किती नेमका कळतो, हे अमेरिकेत सॅनफर्ड पोर्टर आणि वॉल्टर चिंकेल या संशोधकांनी जहाल चावणाऱ्या लाल मुंग्यांवर प्रयोग करून दाखवलं. त्या मुंगीची एक सख्खी जात आपल्या अंगणातही भेटते. या मुंग्यांच्या पिलावळीची वाढ २४ अंशांच्या खाली जवळजवळ थांबते आणि ३२ अंशांच्या आसपास ती सर्वांत वेगाने होते. मग सगळ्या मुंग्यांनी ३२ अंशांवर राहायला हवं, नाही का? १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात वेगळंच दिसलं. पोटभर खाऊन असलेल्या वसाहतींनी पिलांसाठी उबदार जागा निवडली, पण अन्न कमी पडलं तेव्हा त्याच मुंग्या पिलं घेऊन गार बाजूला सरकल्या. ज्या कामकरी मुंग्यांना हातात काम नव्हतं, त्या तर भरल्या घरातही गारव्याला जाऊन बसल्या. गारव्यात शक्ती कमी खर्च होते आणि आयुष्य लांबतं. एकाच घरात पिलांना ऊब आणि रिकाम्या हातांना गारवा, ही वाटणी मुंग्यांनी स्वतः केली.

तापमानाची पसंती दिवसाच्या वेळेप्रमाणेही बदलते. अर्जेंटिनातल्या कॅम्पोनोटस मुस या मुंगळ्याच्या जातीवर फ्लाविओ रोसेस आणि होसुए नुन्येस यांनी १९८९ साली काम प्रसिद्ध केलं. या मुंगळ्यांच्या दाया दुपारच्या सुमारास कोष ३०.८ अंशांच्या जागी ठेवत आणि रात्री २७.५ अंशांच्या जागी हलवत. आपल्या घराभोवती फिरणारा मोठा काळा मुंगळा, ज्याला कुणी डोंगळा म्हणतं, तो याच कॅम्पोनोटस प्रजातीतला. तेव्हा मुंगळ्यांच्या घराला वर्षभर एकच आकडा लावायचा, हे त्यांच्या स्वभावाविरुद्ध जातं.

जमिनीतले मजले

निसर्गात हा उतार मुंग्यांना फुकट मिळतो. एप्रिलच्या दुपारी पनवेलच्या उघड्या मातीचा पृष्ठभाग ५० अंशांच्या वर जातो. हात टेकवला तर पोळतो. पण खाली जाल तसा दिवस-रात्रीचा फरक झपाट्याने विरत जातो. वीतभर खोलीवर तो बराच कमी झालेला असतो आणि दोन-अडीच वितींवर जवळजवळ उरतच नाही. आणखी खाली जमिनीचं तापमान वर्षभराच्या हवेच्या सरासरीजवळ स्थिरावतं. कोकण किनाऱ्यावर ही सरासरी २७ अंशांच्या आसपास आहे. म्हणजे आपल्या पायाखालच्या मुंग्यांना वर कडक ऊन, मध्ये ऊब आणि खाली कायमचा गारवा असे मजले मिळालेले असतात. सकाळी पिलं वरच्या खोल्यांत, दुपारी मधल्या, भर उन्हात खाली, अशी ने-आण त्या करत राहतात.

सहारा वाळवंटातल्या रुपेरी मुंगीचं उदाहरण इथे नेहमी दिलं जातं. ती शरीराचं तापमान ५० अंशांच्या वर गेलं तरी वाळूवर धावते. ते खरं आहे, पण ती बाहेर काही मिनिटंच असते आणि धावते ती उष्म्याने मेलेले कीटक उचलण्यासाठी. तिची पिलं खोल वाळूत, त्या भट्टीपासून दूर असतात. मुंगी बाहेर काय सोसू शकते आणि घरात तिला काय हवं असतं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पाळणाऱ्याने दुसरी लक्षात ठेवावी.

पुण्याच्या परेड मैदानाजवळ

ऊन आणि ओल यांचा हिशेब मुंग्या कसा ठेवतात, याची एक फार जुनी नोंद आपल्या महाराष्ट्रातलीच आहे. लेफ्टनंट कर्नल विल्यम हेन्री साइक्स हे मुंबई इलाख्याच्या सैन्यातले अधिकारी. दख्खनची आकडेवारी गोळा करण्याचं काम त्यांच्याकडे होतं आणि त्या फिरतीत त्यांनी पक्षी, मासे, कीटक यांच्या नोंदी केल्या. १८२९ सालच्या जूनमध्ये पुण्यात सकाळी फिरताना त्यांना परेड मैदानाजवळच्या पडीक जमिनीवर गवताच्या बियांचे छोटे छोटे ढीग दिसले. प्रत्येक ढीग मूठभर. नीट पाहिल्यावर कळलं, की शेकडो मुंग्या खालच्या कोठारातून बी वर आणत आहेत. पावसाळ्याच्या सुरुवातीला कोठार भिजलं असावं आणि उघडीप मिळताच मुंग्यांनी धान्य वाळवायला काढलं असावं, असा निष्कर्ष साइक्स यांनी काढला. आपण पावसाआधी अंगणात डाळ-तांदूळ वाळवतो, तसंच हे. १८३५ साली त्यांनी भारतातल्या मुंग्यांच्या नव्या जातींचं वर्णन लिहिलं, तेव्हा या मुंगीला दिलेल्या लॅटिन नावाचा अर्थ होता 'पुढचा विचार करणारी'.

त्यानंतर १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या नियतकालिकात वनाधिकारी रॉबर्ट रॉटन यांनी १८९२ साली 'अवर अँट्स' ही लेखमाला लिहिली. १९०३ साली चार्ल्स बिंगहॅम यांनी ब्रिटिश भारतातल्या मुंग्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पश्चिम भारतातल्या मुंग्यांचा अभ्यास असा जुना आहे. मुंग्या पाळण्याचा छंद इथे नवा असला, तरी पाहण्याची परंपरा आपल्याकडे रुजलेली आहे.

काचेतलं घर

घरात मुंग्या ठेवून पाहण्याची पद्धत रूढ केली ती इंग्लंडच्या जॉन लबक यांनी. ते बँकर होते, खासदार होते आणि सवड मिळेल तेव्हा मुंग्यांपुढे बसत. दोन काचांच्या मध्ये मातीचा पातळ थर ठेवून त्यांनी मुंग्यांची घरटी केली. त्यांच्याकडची एक राणी जवळजवळ १५ वर्षं जगली. डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण मुंग्यांना जाणवतात, हेही त्यांनी याच काचांखाली शोधलं, कारण तो प्रकाश पडला की मुंग्या कोष उचलून अंधारात नेत.

फ्रान्सच्या शार्ल जाने यांनी १९ व्या शतकाच्या अखेरीस पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या ठोकळ्यात ओळीने खोल्या कोरल्या आणि एका टोकाला पाण्याची खाच ठेवली. प्लॅस्टर पाणी शोषून घेतं, त्यामुळे एका टोकाची खोली ओली, मधली दमट आणि शेवटची कोरडी झाली. मुंग्यांनी हवी ती खोली घेतली. घर माणसाने बांधलं आणि निवड मुंग्यांनी केली. हेच तत्त्व आपण तापमानाला लावायचं आहे.

पनवेलमध्ये यासाठी महागडं काही आणावं लागत नाही. इमारतींच्या कामावर मिळणारी सिपोरेक्सची हलकी वीट कोरायला सोपी असते, पाणी शोषते आणि उष्णता हळूहळू आत घेते. तिचा फूटभर लांब तुकडा घ्यावा, त्यात बोटाच्या रुंदीच्या चार-पाच खोल्या आणि त्यांना जोडणारी वाट कोरावी, वर काच बसवावी. वीट जितकी लांब, तितका उतार चांगला मिळतो. चौकोनी लहान डबीत सगळीकडे एकच तापमान होतं आणि मुंग्यांना सरकायला जागाच उरत नाही.

पनवेलचं वर्ष

युरोपातले छंदी लोक काळ्या बागमुंग्या पाळतात. तिथे खोलीचं तापमान कमी असल्याने घरट्याखाली तापणारी तार घालावी लागते आणि हिवाळ्यात काही महिने वसाहत ५ ते १० अंशांवर झोपवावी लागते. ती पुस्तकं वाचून इथे कुणी मुंगळ्यांची वसाहत फ्रिजमध्ये ठेवली, तर तो मुंग्यांचा घात होईल. पनवेलच्या मुंगळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तसला गारठा पाहिलेलाच नाही. त्यांच्या घरचं वेळापत्रक वेगळं आहे.

जूनमध्ये मृगाच्या आसपास पहिले पाऊस पडले की दिव्यांभोवती पंख फुटलेल्या राण्या येतात. पंख गाळून जमिनीवर धावणारी एखादी राणी मिळाली, तर ती परीक्षानळीत ठेवता येते. नळीत मागे पाणी, ते अडवायला कापसाचा बोळा, मग राणीची जागा आणि तोंडाला दुसरा बोळा. मुंगळ्याची राणी पहिली पिलं स्वतःच्या अंगातल्या साठ्यावर वाढवते, त्यामुळे तेव्हा तिला अन्न द्यावं लागत नाही. तिला हवा असतो अंधार, शांतता आणि २६ ते २९ अंशांची ऊब. पावसाळ्यात पनवेलच्या घरात ही ऊब आपोआप मिळते, म्हणून जून ते सप्टेंबर हा वसाहत सुरू करण्याचा उत्तम काळ. या दिवसांत काळजी घ्यायची ती बुरशीची. उरलेलं अन्न दुसऱ्या दिवशी काढून टाकावं आणि विटेवर पाणी कमी घालावं.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा उकाडा वाढतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं तापमान १५-१६ अंशांच्या आसपास उतरतं. घरात ते थोडं जास्त असतं. वसाहत मंदावते, राणी अंडी कमी घालते, मुंग्या एका जागी गोळा होऊन बसतात. घाबरण्याचं कारण नाही. ही त्यांची विश्रांती आहे. हिवाळ्यातही वाढ सुरू ठेवायचीच असेल, तर थर्मोस्टॅट असलेली छोटी उबदार चटई घरट्याच्या एक-तृतीयांश भागाखालीच ठेवावी. पाण्याच्या टोकाखाली ती कधीच ठेवू नये. तापलेलं पाणी वाफ होऊन गार काचेवर थेंब धरतं आणि नळीतल्या राणीला ते बुडवू शकतं.

खरी कसोटी मार्च ते मे या तीन महिन्यांची. पनवेल, कळंबोली, कामोठ्यातल्या इमारतींच्या पश्चिमेच्या भिंती दिवसभर तापतात आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता आत सोडतात. सर्वांत वरच्या मजल्याची स्लॅब तर तव्यासारखी होते. बंद घरात दुपारी ३५-३६ अंश सहज होतात. ऊन थेट काचेवर पडलं, तर घरट्यातलं तापमान त्याच्याही पुढे जातं आणि वसाहत अर्ध्या तासात मरू शकते. पनवेलमध्ये मुंग्या पाळणाऱ्याचं मुख्य काम ऊब देणं हे नाही, तर गारवा राखणं हे आहे.

उष्म्याचा लपलेला घाव

जास्त उष्णतेने मुंग्या मरतात, हे कुणालाही कळतं. पण ३७-३८ अंशांत मुंगळे चालते-फिरते दिसले, तरी आत काहीतरी मोडत असतं. कॅम्पोनोटस मुंगळ्यांच्या शरीरात ब्लॉकमॅनिया नावाचे जिवाणू राहतात. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ फ्रीडरिश ब्लॉकमन यांनी ते १९ व्या शतकात पाहिले, म्हणून हे नाव. मुंगळ्यांच्या अन्नात जी आवश्यक अमिनो आम्लं कमी पडतात, ती हे जिवाणू तयार करतात. ते राणीकडून अंड्यांत आणि अंड्यांतून पुढच्या पिढीत जातात. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंगळ्यांच्या एका जातीला सुमारे ३८ अंशांत काही आठवडे ठेवलं, तेव्हा हे जिवाणू जवळजवळ नाहीसे झाले. मुंगी तापमान सोसते, तिचा सोबती सोसू शकत नाही.

पाळणाऱ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. 'मुंग्या मेल्या नाहीत, म्हणजे ठीक आहे' ही कसोटी पुरेशी नाही. मे महिन्याचे तीन-चार आठवडे घरटं सतत तापलेलं राहिलं, तर त्याचा फटका पुढे पिलांच्या वाढीला बसू शकतो.

आकडे आणि मांडणी

आता आकडे सांगतो. आपल्याकडच्या मुंगळ्यांसाठी घरट्याचं उबदार टोक २९ ते ३० अंश आणि गार टोक २५ ते २६ अंश असावं. गार टोकालाच पाणी असावं, म्हणजे गारवा आणि ओल एकत्र मिळतात. उबदार टोक ३३ अंशांवर गेलं की हालचाल करावी आणि गार टोकही ३३ ला पोचलं तर लगेच घरटं हलवावं. ३५ अंश ही धोक्याची रेषा मानावी.

मोजायचं ते घरट्याच्या आत. भिंतीवरचा तापमापक खोलीचं तापमान सांगतो, विटेतल्या खोलीचं सांगत नाही. लांब वायरच्या टोकाला संवेदक असलेला डिजिटल तापमापक घ्यावा आणि त्याचं टोक विटेत बसवावं. दोन टोकांना दोन असतील तर उत्तम.

जागा निवडताना घरातला सर्वांत गार कोपरा शोधावा. आतल्या भिंतीलगतच्या कपाटाचा खालचा कप्पा बहुधा चांगला असतो. माळा, फ्रिजच्या वरची जागा, इन्व्हर्टरशेजारचं टेबल आणि खिडकीची पट्टी टाळावी. एसीच्या खोलीत तापमान उतरतंच, पण हवा कोरडीही होते, तेव्हा विटेला पाणी वाढवावं लागतं. ओल्या फडक्याने गारवा करण्याचा उपाय विदर्भात जितका चालतो तितका कोकणात चालत नाही, कारण इथली हवा आधीच दमट असते आणि पाणी लवकर उडत नाही. त्याऐवजी दुपारी गार पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून घरट्याच्या एका टोकाला टेकवून ठेवावी. वीज गेली आणि पंखा बंद पडला, तरी ही बाटली दुपार निभावून नेते. बाटली एकाच टोकाला हवी. सगळं घरटं एकदम गार करू नये.

मुंग्यांनाच विचारा

हे सगळं केल्यावर तापमापक बाजूला ठेवावा आणि पिलं कुठे आहेत ते पाहावं. कोष सहसा उबदार आणि तुलनेने कोरड्या खोलीत, अंडी आणि लहान अळ्या जरा दमट खोलीत दिसतील. पिलं मधल्या खोल्यांत आणि कामकरी मुंग्या सगळीकडे विखुरलेल्या असतील, तर उतार बरोबर बसला आहे. सगळी वसाहत उबदार भिंतीला चिकटून बसली, तर घर गार पडलं आहे. पिलांसकट सगळ्या पाण्याच्या बोळ्यावर गोळा झाल्या, तर घर तापलं आहे किंवा कोरडं झालं आहे. कोष घेऊन मुंग्या घरट्याबाहेर आल्या, तर त्यांनी घर नाकारलं आहे. मग विचार करत बसू नये, आधी घरटं गार जागी न्यावं. एकदा केलेला बदल दोन-तीन दिवस तसाच ठेवावा, म्हणजे त्याचा परिणाम दिसतो. तासातासाला हलवलेल्या घरात मुंग्या पिलं वाहण्यातच थकतात.

एक नियम तापमानाइतकाच महत्त्वाचा. कर्नाळा पक्षी अभयारण्यातून मुंग्या, राण्या किंवा वारुळाची माती आणू नये. तिथे तो कायद्याने गुन्हा आहे आणि निसर्गाशीही तो अपराधच आहे. आपल्या इमारतीच्या आवारात, दिव्याखाली सापडलेली एक राणी पुरेशी असते. परगावची किंवा परदेशची जात आणू नये आणि पाळलेली वसाहत दुसऱ्या प्रदेशात सोडू नये.

येत्या मे महिन्यात भिंतीवर ती पांढऱ्या दाण्यांची रांग दिसली की हातातलं झाडू-फडकं पाच मिनिटं थांबवा. रांग कुठून निघाली आणि कुठे पोचली, तेवढंच पाहा. दोन्ही जागांवर हात ठेवून पाहा. कुठे उष्ण, कुठे गार, कुठे दमट, ते तुमच्या तळव्याला कळेल. मुंग्यांच्या घराचं योग्य तापमान शिकायची सुरुवात तिथूनच करा.